आधी ठेव विमा आहे का ते पाहा
इथे एकाने विचारलंय की गल्लीतली पतसंस्था एक टक्का जास्त व्याज देते, तर आईची ठेव तिथे ठेवावी का. कृपया घाई करू नका. नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीचा (बँक बुडाल्यास ठेवीदाराला पैसे देणारा) ठेव विमाही. २०२० पासून तो एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. सगळ्या शाखा धरून, बरं का. दोन शाखांत विभागून ठेवल्याने काही वाढत नाही. पतसंस्थेच्या ठेवींना हा विमा लागू नाही. माझ्या मावशीचे पैसे एका पतसंस्थेत अडकले, तेव्हाची तिची वणवण मी पाहिलीय. डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, तिथे नाव शोधा. मग शाखेत जाऊन वार्षिक अहवाल मागा आणि एनपीए, म्हणजे थकीत कर्जं, किती ते बघा.