मदत हवी आहे: बीएस्सीचे क्रेडिट जर्मनीत कसे मोजतात?
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीने पुण्यातून तीन वर्षांचं बीएस्सी केलंय, आता जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज करतेय. १९९९च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपातल्या पदव्या एका साच्यात आल्या, वर्षाला ६० ईसीटीएस (म्हणजे युरोपातले अभ्यासाचे क्रेडिट), तीन वर्षांचे १८०, इथवर कळतं. पण ईसीटीएसच्या एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास धरतात, त्यात घरचा अभ्यासही येतो. आपल्याकडे मुख्यतः वर्गातले तास. मग नुसतं गुणोत्तर लावून चालतं का, की प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाकडून शिक्का मारून घ्यावा लागतो? एपीएस प्रमाणपत्र (जर्मनीत शिकायला लागणारी, भारतीय शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीची पावती) मिळालंय. काही ठिकाणी २१० ईसीटीएस मागतात, तिथे उरलेले ३० प्रवेशानंतर पूर्ण करता येतात का? नुकतंच कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. पोर फार मेहनती आहे, केवळ क्रेडिटच्या हिशोबापायी अर्ज अडू नये असं मनापासून वाटतं.