मुलांसोबत स्थानिक इतिहासावर प्रोजेक्ट, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा ग्रुप आहे, एका जुन्या कामगार वस्तीचा इतिहास कुठेच लिहिलेला नाहीये, त्यावर भिंतचित्र किंवा नाटुकलं करायचंय, तर आधी माहिती गोळा करायची की थेट कामाला लागायचं?

रिप्लाय १: आधी माणसं गाठा. "तेव्हाचं सांगा ना" म्हटलं की लोकांना काही सुचत नाही, त्यापेक्षा जुना फोटो हातात द्या आणि मागे उभं असलेलं कोण ते विचारा, मग बघा कसे बोलायला लागतात. रेकॉर्डिंगची परवानगी मात्र आधीच घ्या.

रिप्लाय २: चित्रकार जुडी बाका यांचं अमेरिकेत लॉस एंजेलिसमधलं, इतिहासावरचं भिंतचित्र बघाच! पुराचं पाणी नेणाऱ्या काँक्रीटच्या कालव्याची जवळपास अर्धा मैल भिंत, १९७६ पासून पुढच्या काही उन्हाळ्यांत शेकडो तरुण मुलांनी रंगवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारनेच छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे अमेरिकनसुद्धा आहेत त्यात.

रिप्लाय ३: कच्चं स्केच आधी त्या वस्तीतल्यांना दाखवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा, नाटकात तर तोच वाद सीन म्हणून मस्त उभा राहतो.

प्रश्नकर्ता: फोटोची आयडिया भारी आहे, मुलांना लगेच जुने अल्बम शोधायला लावतो.