'टीपीएस'ला मराठीत काय म्हणावं?

बोरूबहाद्दर: एका भाषांतरात अडकलोय. अमेरिकेतलं 'टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस', १९९० च्या कायद्यातली तरतूद. मायदेशी युद्ध पेटलं किंवा भूकंप-वादळाने वाताहत झाली, तर त्या देशाचे जे लोक आधीच अमेरिकेत आहेत त्यांना तूर्त परत धाडायचं नाही, कामाचा परवानाही द्यायचा. 'तात्पुरता संरक्षित दर्जा' लिहिलं खरं, पण 'संरक्षित' वाचताना 'संरक्षित स्मारक' म्हणजे ताजमहाल आठवतो.

चष्मिष्ट: 'तात्पुरता आश्रय' लिहा आणि मोकळे व्हा.

बोरूबहाद्दर: नाही हो. आश्रय मागणाऱ्याला स्वतःचा छळ होईल हे पटवून द्यावं लागतं. इथे आधी देशाचं नाव जाहीर होतं, मग तिथल्या माणसाने अर्ज करायचा. वर तारखेची अट. एल साल्व्हाडोरला २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोन मोठे भूकंप झाले. १३ फेब्रुवारी २००१ पासून जो अमेरिकेत राहतोय, त्यालाच हा दर्जा. नंतर आलेल्याला नाही. त्यामुळे 'निर्वासित', 'शरणार्थी' दोन्ही बाद.

कऱ्हाकाठ: जुन्या कागदांत 'कौल' सापडतो की! दुष्काळाने, स्वारीने रयत परागंदा झाली की तिने येऊन पुन्हा गाव वसवावा म्हणून सरकार कौल द्यायचं, अभयपत्र द्यायचं. दिशा मात्र उलटी: कौल म्हणायचा 'परत या', हे म्हणतं 'इतक्यात जाऊ नका'. शिवाय आज कौल म्हटलं की निवडणूक नाहीतर छप्पर. पण 'अभय' घेण्यासारखा आहे. 'मुदतीचं अभय'?

तिरपागडा: आमच्याकडे अभय म्हणजे अभय योजना! मुद्रांक शुल्क थकवलंत, घरपट्टी थकवलीत, या, दंड माफ. म्हणजे समोरच्याचं आधी काहीतरी चुकलंय हे धरूनच चालायचं. अमेरिकेत या तरतुदीचे विरोधक तेच म्हणतात, ही मागच्या दाराने दिलेली माफी आहे. तुमचा शब्द नकळत त्यांच्या बाजूने बोलेल.

आणि 'तात्पुरता'चंही बघा. एका वेळी ६ ते १८ महिने, मग मुदतवाढ. साल्व्हाडोरची मुदत जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा वाढवली. मिच वादळानंतर होंडुरास आणि निकाराग्वाच्या लोकांना १९९९ मध्ये दिलेला दर्जा २०२५ मध्ये काढायचं ठरलं. मध्ये मुलं जन्मली, कॉलेजात गेली. मुंबईत संक्रमण शिबिरात राहणाऱ्यांना विचारा तात्पुरता म्हणजे काय ते.

चष्मिष्ट: मग कोर्टातला शब्द घ्या ना, 'स्थगिती'. हुकूम रद्द नाही, फक्त थांबलाय. उद्या उठू शकतो. ही टांगती तलवार मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

कऱ्हाकाठ: त्यात कामाचा परवाना कुठे आला?

बोरूबहाद्दर: तो पुढच्या वाक्यात टाकतो. मथळ्यात 'मायदेशी पाठवणीला मुदतीची स्थगिती', पुढे सगळीकडे 'टीपीएस'. ताजमहाल खोडला.