लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला 'तसली' मराठी गाणी सुचवा

कर्वेनगरची_मैना
पुढच्या महिन्यात आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. सोसायटीच्या हॉलमध्ये तीसेक माणसं बोलावली आहेत. भावाने गाण्यांची यादी केली, ती सगळी चंद्र, चांदणं आणि पारिजातक. बाबा यादी वाचून म्हणाले, "आमचा संसार काय नुसता आभाळाकडे बघत झाला?" आई लाजली, पण हसली. तर ज्यात अंगाची ओढ आहे अशी मराठी गाणी हवीत. आयटम साँग नको. माझे चुलत सासरे पण येणार आहेत.

पेठेतला_पोपट
चुलत सासरे येणार असतील तर चंद्रच लावा.

मैफलवेडा
सुरेश भटांकडे वळा. 'मालवून टाक दीप' आणि 'तरुण आहे रात्र अजुनी'. दोन्हीच्या चाली हृदयनाथांच्या, पहिलं लताबाईंनी गायलंय, दुसरं आशाबाईंनी. सासऱ्यांची काळजी करू नका. आपल्याकडे दिवाळी पहाटला सकाळी सहा वाजता ही गाणी होतात, आणि लोक चकली खात माना डोलावतात. शब्दांकडे लक्ष असतं कुणाचं?

डेक्कनचे_आजोबा
मैनाताई, बाबांना बैठकीची लावणी आवडेल. त्यात बाई फडात नाचत नाही, बसून गाते. एकच ओळ पाच वेळा म्हणते आणि दर वेळी नजर वेगळी, मानेचा झोक वेगळा, म्हणून अर्थही वेगळा. सुलोचना चव्हाण यांचं 'कळीदार कपूरी पान' लावा. वरवर पाहिलं तर गाण्यात फक्त विडा करून देणं आहे. पण तो विडा कसा दिला जातोय ते ऐका. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं. 'जय जय महाराष्ट्र माझा' याच दोघांचं! ते लागलं की उभं राहायचं आणि हे लागलं की लोडाला टेकायचं.

सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन गायच्या. अंगभर साडी, हातवारे नाहीत, जे काय व्हायचं ते आवाजात. आणखी एक. फडावरच्या गायिकेला शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवावा लागे, त्यामुळे तिचा शृंगारही खड्या आवाजात. माईक आला आणि कानाशी कुजबुजावं तसं गाता येऊ लागलं. 'तरुण आहे' मध्ये आशाबाईंचा श्वास ऐकू येतो, तो माईकशिवाय तुमच्यापर्यंत आलाच नसता. म्हणून हॉलचे भोंगे वापरू नका, घरचा चांगला स्पीकर न्या.

शब्दांची_पोर
सगळं छान, पण एक खुपतंय. वरच्या प्रत्येक गाण्यात बोलते बाई आणि लिहितो पुरुष. तिला काय हवंय हे त्यानेच ठरवलेलं. लावणीत तर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. शाहीर लिहिणार, बाई गाणार, समोर फेटेवाले. मला ही गाणी आवडतात, तरीही खुपतं.

म्हणून माझं मत 'रेशमाच्या रेघांनी' ला. चित्रपट 'मराठा तितुका मेळवावा', १९६४. शब्द शांताबाई शेळके यांचे, आवाज आशाबाईंचा, आणि संगीतकार 'आनंदघन' म्हणजे खुद्द लताबाई. लिहिणारी, चाल देणारी, गाणारी, तिघी बायका. बघा फरक पडतो का. यातली बाई आपल्या साडीचं कौतुक करते आणि त्याच दमात हात लावू नका म्हणते. तिला बघितलेलं चालतं, पण हात कधी लावायचा ते ती ठरवणार. ४० वर्षं टिकलेल्या लग्नात हे चाललंच असेल की!

पेठेतला_पोपट
आमच्या मातोश्री बालगंधर्वला फक्त महिलांसाठी असलेल्या लावणीच्या कार्यक्रमाला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा घसा बसलेला. शिट्टी मारता येते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

मैफलवेडा
मग 'वाजले की बारा' पण घ्या, जेवणानंतर. सगळे उठतील.

डेक्कनचे_आजोबा
उठतील खरे, पण गुडघ्यांचं काय?

कर्वेनगरची_मैना
सगळ्यांचे आभार. काल स्वयंपाकघरात 'रेशमाच्या' लावून बघितलं. आई भाकरी थापता थापता पूर्ण गाणं म्हणाली, एक शब्द चुकला नाही. बाबा दारात उभे राहून ऐकत होते, तिने वळून बघितलं नाही. यादीत पहिलं तेच. 'कळीदार' सुरू झालं की सगळ्यांना विडे वाटायचं ठरवलंय. तीस चांगले विडे कर्वेनगरच्या आसपास कुठे मिळतील?

पेठेतला_पोपट
विड्यांसाठी वेगळा धागा काढा.