काटापट्टीवर वजनाच्या जागी "क" येऊन रायला, गो (प्रोग्रामिंगची भाषा) मधे नंबरची स्ट्रिंग (मजकूर) कशी करू?

कापूसकोंड्या:
राजेहो, डोकं फिरलं माह्यं. आमच्या गावाजवळच्या कापसाच्या जिनिंगात काट्याची पावती बनवाचा छोटासा प्रोग्राम मी गो मधे लिहून देल्ला. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी करून निव्वळ, आन् त्याची पीडीएफ शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर, बस एवढंच काम. काट्याकडून आकडा स्ट्रिंग म्हणून येते त्याले ॲटोआय (मजकुराचा नंबर करणारं फंक्शन) लावून इंट (पूर्णांक) केला, ते बराबर चालते. मंग पावतीवर छापाच्या वेळी सरळ स्ट्रिंग(निव्वळ) लिहलं, कंपाईल झालं, एक शब्द एरर नाई.
काल पहिली ट्रॉली खाली झाली, निव्वळ २३२५ किलो, आन् पावतीवर वजनाच्या जागी फक्त "क". दिवाणजी म्हणे क म्हणजे कापूस असन, सही ठोकली न् गाडी सोडली! दुसरी गाडी २३५० ची, तिच्यावर "म" आला तवा कुठं बोंब झाली. २४८० वाल्या गाडीवर तं बंगालीसारखं काहीतरी अक्षर. तीन फाँट बदलून पाह्यले, काई फरक नाई. काऊन होऊन रायलं हे?

वऱ्हाडी_बिट:
फाँटले कायले दोष देतं बाप्पा, फाँट बिचारा सांगतलं तेच काढून रायला. गो मधे स्ट्रिंग(इंट) म्हणजे "या नंबरचे आकडे लिही" असं नाई, "युनिकोडमधलं या नंबरचं अक्षर दे" असं हाय. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांले नंबर देल्लेली यादी. आन् युनिकोडमधे क चा नंबर हायच २३२५, म चा २३५०. तुह्या ट्रॉल्या नेमक्या देवनागरीच्या पट्ट्यात येऊन रायल्या ना, २३०४ पासून २४३१ पर्यंत आपली लिपी. त्याच्या वर गेला की बंगाली, २५६० पासून गुरुमुखी, मंग गुजराती, ओडिया, २९४४ ले तमिळ, ३०७२ ले तेलुगू. म्हणजे कापूस जास्त भरला की गाडी दक्षिणेत 😂 ५-५ किलोच्या टप्प्यानं मोजणारा काटा असन तं २३३० ले च, २३४० ले त, २३६० ले स, पूर्ण बाराखडी शिकवशीन तू जिनिंगात.
तुले पाहिजे ते स्ट्रकॉन्व्ह पॅकेजातलं आयटोए. ॲटोआयचं उलटं, त्याच पॅकेजात बाजूलेच बसलं हाय. इंट६४ (६४ बिटांचा पूर्णांक) असन तं फॉर्मॅटइंट लाव आन् दुसऱ्या जागी १० दे, म्हणजे दशमान. (मोबाईलवरून टाईप करतो, कीबोर्ड मराठी हाय, स्पेलिंग तूच पाहून घेजो.)

जुना_सी_वाला:
मला तर हे कंपाईलच व्हायला नको होतं असं वाटतं. पायथनमध्ये बघा, एसटीआर म्हणजे आकडे आणि सीएचआर म्हणजे अक्षर, दोन वेगळी नावं, गोंधळ संपला. गो ने एकाच नावात दोन्ही कोंबलं आणि २०१२ मध्ये गो १ काढताना जुना कोड मोडणार नाही असा शब्द देऊन बसले, आता काढताही येत नाही. मग १.१५ मध्ये, २०२० साली, गो व्हेट (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं साधन) मध्ये इशारा टाकला की बाबा, यातून एक अक्षर निघेल, आकडे नाही. पण गो बिल्ड (कंपाईल करायची कमांड) ते दाखवत नाही, गो टेस्ट चालवली असती तर तिथंच अडलं असतं. टेस्ट कोण लिहितो म्हणा आपल्याकडं. आणि खरंच अक्षरच हवं असेल कधी तर स्ट्रिंग(रून(नंबर)) लिहा, रून म्हणजे युनिकोडमधला अक्षराचा नंबर, मग व्हेट गप्प बसतं आणि वाचणाऱ्यालाही कळतं की हे मुद्दाम केलंय.
बाकी आयटोए हे नाव सी वाल्यांचंच, पण सी च्या स्टँडर्डमध्ये ते कधीच नव्हतं. आम्ही पॉलिटेक्निकला टर्बो सी मध्ये बिनधास्त वापरायचो, पुढं लिनक्सवर गेल्यावर लिंकरनं तोंडावर मारलं, मग स्प्रिंटएफ (दिलेल्या साच्यात आकडे बसवून मजकूर बनवणारं फंक्शन).

कापूसकोंड्या:
हाव ना भौ, आयटोए लावलं, किलो बराबर येऊन रायले. पण आता दुसरंच झालं. पावतीवर क्विंटल पाहिजे म्हणून किलोले १०० नं भागलं, बाकी काढली, दोघांले आयटोए लावून मधात टिंब देल्लं. २३२५ चे २३.२५ बराबर आले. आज २३०५ किलोची गाडी आली तं पावतीवर २३.५! शेतकरी खूश, दिवाणजी माह्यावर तापला.

वऱ्हाडी_बिट:
तापणारच ना लेका, ४५ किलोचा फरक हाय, ७००० चा भाव धरला तरी ३१५० रुपये. बाकी ५ आली, आयटोए नं "५" देल्लं, त्याले काय माहीत की टिंबानंतर दोन घरं पाहिजे. तिथं गो च्या एफएमटी पॅकेजातलं स्प्रिंटएफ वापर, क्विंटलले टक्का डी, टिंब, आन् बाकीले टक्का शून्य दोन डी, म्हणजे ५ चा ०५ होते. आन् हे वाचून लगेच फ्लोटकडे (टिंबवाल्या दशांश आकड्याकडे) पळू नको. किलो इंटमधेच ठेव, फ्लोटात ०.१ आन् ०.२ ठेवून बेरीज केली का ०.३०००००००००००००००४ छापते, हिशोबात ते झेंगट कायले. कुठं फ्लोट छापाच लागला तं फॉर्मॅटफ्लोट ले दशांश २ सांगजो, उणे एक देऊ नको, नाई तं लागन तेवढेच आकडे देते आन् २३.५० चे २३.५ दिसतात, लोकं पुन्हा भांडतात.

कापूसकोंड्या:
झालं राजेहो, २३.०५ आलं. व्हेट चालवून पाह्यलं तं अजून चार जागी तेच निघालं, एक तं हमालीच्या हिशोबात, नशीब अजून कोनाले दाखवला नव्हता. क वाल्या काकाले नवी पावती पाठवली, तं म्हणे जुनी बी राहू दे मोबाईलात, नातू पहिलीत हाय, त्याले दाखवतो.