हक्क की उसनवारी?

तिरपागडे: केंद्राने प्रांताला दिलेली सत्ता हक्काची की उसनी, हे ब्रिटनमधल्या स्कॉटलंडवरून बघा. तिथे १९९७ च्या सार्वमतात सुमारे ७४ टक्के लोकांनी स्वतःच्या विधिमंडळाच्या बाजूने कौल दिला. १९९८ ला कायदा झाला, १९९९ ला विधिमंडळ बसलं. पण त्याच कायद्याचं कलम ३५ वाचा. लंडनचा मंत्री तिथे मंजूर झालेलं विधेयक राजाच्या संमतीआधीच रोखू शकतो. इतकी वर्षं हे कलम नुसतं पडून होतं. जानेवारी २०२३ मध्ये कागदोपत्री लिंगनोंद बदलणं सोपं करणाऱ्या विधेयकावर पहिल्यांदा वापरलं. देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते ती सत्ता नव्हे, उसनवारी.

जुनी वही: मर्जी कसली? त्या कलमाला अटी आहेत. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडला लागू असलेल्या समानता कायद्यावर विपरीत परिणाम होतो, असं केंद्राला दाखवावं लागलं. प्रकरण स्कॉटलंडच्या राजधानीतल्या, एडिनबराच्याच न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथे केंद्राची बाजू टिकली. उसनं दिलेलं परत मागायला कोणी कोर्टाची पायरी चढतं का?

तिरपागडे: कोर्टात केंद्र नाही, स्कॉटलंड सरकार गेलं होतं. दाद मागायची वेळ कोणावर येते, तेवढं बघा.

काठावरचा: ब्रिटनकडे लेखी राज्यघटना असती तरी फार फरक पडला नसता. स्पेनकडे ती आहे, तरी ऑक्टोबर २०१७ मध्ये कलम १५५ लावून तिथल्या कातालोनिया प्रांताचं सरकार बरखास्त झालंच. आपल्याकडे कलम ३ आहे. राज्याच्या सीमा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. विधानसभेचं मत मागवायचं, मानायचं बंधन नाही.

जुनी वही: आणि उत्तर आयर्लंडचं बेलफास्ट? तिथली विधानसभा २०२२ ते २०२४ अशी दोन वर्षं ठप्प होती ती लंडनमुळे नव्हे, तिथल्याच एका मोठ्या पक्षाने सत्तेत बसायला नकार दिला म्हणून. (ब्रेक्झिटनंतरच्या व्यापार नियमांवरचा राग होता, मान्य. पण कुलूप आतूनच लावलेलं.)

हिशेबनीस: कलमं बाजूला ठेवा, पैसा कुठून येतो ते बघा. स्कॉटलंडला लंडनकडून मिळणाऱ्या अनुदानातली वाढ-घट बार्नेट सूत्राने ठरते. इंग्लंडमधल्या शाळांवरचा खर्च वाढला की लोकसंख्येच्या प्रमाणात यांचा वाटा वाढतो, तिकडे कपात झाली की इथेही कात्री. २०१७ पासून पगारावरच्या आयकराचे दर ते स्वतः ठरवतात, ही त्यातली मोठी मोकळीक.

तिरपागडे: घ्या! मी कायद्यातली उसनवारी म्हणत होतो, तुम्ही तिजोरीतलीही दाखवलीत.

हिशेबनीस: थांबा, मी तुमच्या बाजूने नाही. कर वाढवायचा अधिकार मिळाल्यावर मतदारांचा रागही तिथल्याच सरकारला झेलावा लागतो. उसन्या सत्तेत हे होत नाही.