कौल उजवा मिळाला, मोहोर मात्र गेला. आता देवावर सोडायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं?

हापूसकट्टा (प्रश्न)

देवगड-राजापूर पट्ट्यातल्या बागायतदार घरांत हा वाद नवा नाही, पण यंदा जरा जास्तच तापलाय. गेल्या हंगामात देवळात कौल लावला, म्हणजे पाषाणावर पाकळ्या लावून देवाला विचारलं; उजवी, म्हणजे होकार मिळाला. वाडीच्या राखणदाराला नारळ-कोंबडा वेळेत दिला. तरी पहिला मोहोर अवकाळी पावसात काळा पडला, मागाहून आलेल्यावर थ्रिप्स (फुलकिडे) बसला आणि पेट्या निम्म्यावर आल्या. आता आंब्याच्या विम्याचा विषय निघाला की थोरले म्हणतात, "देवाच्या कानावर घातलंय ना? मग वर कंपनीचा कागद कशाला? म्हणजे आपला भरवसाच नाही." धाकट्यांचं म्हणणं, कौल खोटा ठरला, बंद करा हा प्रकार.

दोन्ही टोकं पटत नाहीत. उजवी मिळूनही नुकसान झालं तर त्याचा अर्थ काय लावायचा? आणि देवावर भार टाकायचा तर काय टाकायचं, काय हातात ठेवायचं? "श्रद्धा असेल तर सगळं होतं" छापाची उत्तरं नकोत. रीत माहीत असणाऱ्यांनी सांगावं.

पारावरचा

आधी हे सांगा, कौलात शब्द काय वापरले होते? निम्मे घोटाळे तिथेच होतात.

"यंदा आंबा बरा होईल का" हा कौलाचा प्रश्नच नव्हे. कौल हुकूम मागायला असतो. अमुक काम करू की नको, आता करू की थांबू, एवढंच. आंगणेवाडीचं बघा. भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगातून निघत नाही, दरवर्षी कौल घेऊन ठरते. तिथे "जत्रा कधी भरवू" हे विचारतात, "गर्दी किती होईल" हे कोणी विचारत नाही.

रीत गावागणिक बदलते, पण साधारण अशी. गुरव सोवळ्यात येऊन पाषाण धुतो. ओल्या पाषाणावर ठरलेल्या जागी, डाव्या-उजव्या जोडीने, पाकळ्या किंवा कळे लावतो. कुठे भिजलेले तांदूळ, कुठे झाडाची पानं. नारळ-विडा पुढे ठेवून गाऱ्हाणं होतं आणि त्यातच अट बोलतात: "हे काम करायचं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे." मग पाकळी पडेपर्यंत थांबायचं. घाई नाही, पाषाणाला हात नाही.

चुकतं कुठे, तर एक म्हणजे जोडप्रश्न. "बाग कराराने देऊ आणि त्याच व्यापाऱ्याला देऊ का" यावर उजवी मिळाली तर ती कशाला मिळाली? वेगवेगळं विचारा. दुसरं, डावी आली की पुन्हा लावा, पुन्हा लावा. तिसऱ्यांदा मिळालेली उजवी ही तुमचीच उजवी. तिसरं अगदी साधं: पाषाण तेलकट किंवा कोरडा असेल तर सगळं झरझर गळतं, पाणी जास्त असेल तर पाकळी तासभर हलत नाही. गाभाऱ्याच्या दारात पंखा सुरू असला की विचारूच नका. जाणता गुरव अशा वेळी सरळ "आज लागत नाही" म्हणतो. तसं म्हणणारा गुरव जपा.

तेव्हा तुमचा कौल खोटा ठरला असं मी म्हणणार नाही. "बाग करू" याला होकार मिळाला असेल, तर तो बाग करण्याला होता. डिसेंबरात पाऊस पडणार नाही, असं देवाने कुठे लिहून दिलं होतं?

खारवारा

पारावरचे, म्हणजे काहीही झालं तरी कौल बरोबरच. खरा ठरला तर देवाची कृपा, नाही ठरला तर तुमचा प्रश्न चुकला. ही पळवाट आहे. भाकीत करायला नसेल, तर कौलाचा उपयोग काय?

पारावरचा

उपयोग निर्णय संपवायला. चार भावांत "देऊ की नको" वर सहा महिने धुसफूस चालते. कौल सगळ्यांसमोर लागतो, सगळ्यांना बांधतो आणि विषय मिटतो. पाकळी का पडते हे गावात सगळ्यांना कळतं हो, कोणी भोळं नाही. पण तुमचं एक बरोबर आहे: नुकसान झाल्यावर मागे जाऊन प्रश्नात खोट काढत बसणं ही वाईट सवय. म्हणून प्रश्न आधी कागदावर लिहावा, घरात वाचून दाखवावा, मगच देवळात जावं.

चुडतांची झाप

देवावर सोडणं म्हणजे काय, हे बघायचं तर आचऱ्याची गावपळण बघा. मालवण तालुक्यातलं आचरा. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. घरं, बागा, दुकानं मागे, गावात चिटपाखरू नाही. गाव तेवढे दिवस देवाच्या ताब्यात.

पण बाहेर जाणारा मोकळ्या हाताने जातो का? गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं बरोबर. माडाच्या चुडतांची झाप उभारतात, चुली मांडतात. शिधा मोजून: मोठ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो तांदूळ धरा, वर डाळ, कुळीथ, सुकी मासळी, मीठ, आमसुलं, लाकडं. परतायचं तेही पुन्हा कौल मिळाल्यावरच, आणि डावी आली तर मुक्काम वाढतो. म्हणून शिधा तीन दिवसांऐवजी पाच दिवसांचा न्यावा. कौल डावा आला म्हणून पोरं उपाशी ठेवणं ही भक्ती नव्हे, ती बेफिकिरी.

आता यात काय सोडलं आणि काय धरलं ते बघा. घराची राखण देवाकडे, कारण तीन दिवस आपण तिथे असूच शकत नाही. तांदूळ, गुरं, पोरं आपल्याकडे, कारण ते आपल्याला जमतं. गुरं गोठ्यात बांधून "देव बघील" म्हणत निघालेला कोणी नाही.

गाऱ्हाण्यातही हेच असतं, फक्त कान देऊन ऐकायला हवं. "बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे हात जोडून उबी आसत. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल. जी मेहनत केली हा, तिका यश दी." आणि मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" यश मागायचं ते केलेल्या मेहनतीला. ज्याने फवारणीच केली नाही, तो "व्हय म्हाराजा" कशावर म्हणणार?

माळकरी

थोरल्यांचं म्हणणं इतक्या सहज उडवू नका. देवावर भार टाकलेल्या माणसाने रात्रंदिवस हिशेबात जीव अडकवू नये, हे संतांचंच सांगणं आहे. त्यांना विम्याचा कागद बोचत नसेल, कागदामागची धास्ती बोचत असेल.

पण सोडायचं कसं, याचा दाखला तुकोबांकडून घ्यावा. १६३० च्या दुष्काळात घरची सावकारी बुडाली, पहिली बायको आणि मुलगा गेला. श्रद्धेची याहून मोठी परीक्षा कोणती? त्या काळात त्यांनी पडलेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं, म्हणजे हात थांबले नाहीत. कर्जखतांची गोष्ट सगळे सांगतात, पण अर्धीच. खतं इंद्रायणीत बुडवली ती निम्मी. उरलेली निम्मी धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची होती, ती त्याच्या हातात दिली. स्वतःच्या वाट्यापुरतं देवावर सोडलं, भावाचा घास पणाला लावला नाही.

हापूसकट्टा, तुमच्या घरात हाच निकष लावा. थोरल्यांना त्यांच्या वाट्याच्या कलमांचा विमा नको असेल तर तो त्यांचा अधिकार. दुसऱ्याच्या वाट्यावर त्यांची श्रद्धा चालणार नाही.

नवसाबद्दलही सांगून ठेवतो, कारण तोट्याच्या वर्षी माणसं वाट्टेल ते बोलून बसतात. नवस बोलताना वस्तू, माप आणि मुदत तिन्ही स्पष्ट असावीत: "पाच नारळ आणि ओटी, अक्षय्य तृतीयेच्या आत." "काहीतरी मोठं करीन" हा नवस फिटत नाही, घरात पिढ्यान्पिढ्या लोंबकळत राहतो. दशावतारी नाटकाचा नवस बोलणार असाल तर मंडळींची बिदागी, रंगमंच, वीज, जेवणं यांचा खर्च आधी विचारून घ्या. नवस फेडायला कर्ज काढावं लागत असेल, तर बोलतानाच चूक झालेली आहे.

वसईची पाटीण

आमच्याकडे चर्चमध्ये याच विषयावर बायबलातल्या निर्गमचा सोळावा अध्याय वाचतात. रानात इस्राएली लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं रोजचं अन्न, मिळायचा तो माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप. उद्यासाठी लपवून ठेवला की किडे पडायचे. हे ऐकून बरेच जण म्हणतात, बघा, साठवणं म्हणजे अविश्वास. पण त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा आहे, कारण सातव्या दिवशी मिळणार नसतो, आणि तो साठवलेला मान्ना नासत नाही. जिथे उद्या मिळणार नाही हे आधीच माहीत आहे, तिथे बेगमी करायला देवानेच सांगितलं. आमचे कोळी १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीआधी बोंबील वाळवून ठेवतात, ते याहून वेगळं काय?

हापूसकट्टा

तुकोबांच्या वाट्याचा मुद्दा घरात सांगितला. थोरले गप्प झाले, म्हणजे पटलं असावं. आता ते म्हणतात, "मग विमा घ्यावा की नाही यावरच कौल लावू." हे चालेल का?

पारावरचा

चालेल, पण लावू नका. देवाला कामाचं विचारावं, सरकारी मुदतीचं नाही. कौल "आज लागत नाही" झाला आणि तारीख उलटली तर दोष कोणाला देणार?

कलमबाग

मुदतीचं निघालंच आहे म्हणून नेमकं लिहितो. कोकणात आंब्याच्या हवामान आधारित फळपीक विम्याची शेवटची तारीख साधारण ३० नोव्हेंबर असते. त्या वर्षीचं परिपत्रक सहायक कृषी अधिकाऱ्याकडून बघून घ्या. शेवटच्या दोन दिवसांत पोर्टल रांगतं, म्हणून दिवाळी आटोपली की लगेच.

हा विमा तुमच्या झाडावर किती फळ राहिलं ते बघत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने ठरलेल्या काळात अवकाळी पाऊस, किमान-कमाल तापमान किंवा वारा किती नोंदवला, त्यावर भरपाई ठरते. म्हणजे तुमच्या कातळावर पाऊस कोसळला आणि केंद्रावर भुरभुर झाली, तर हातात काही येत नाही. उलटही होतं: बाग शाबूत आणि पैसे जमा. थ्रिप्सचं नुकसान यात बसत नाही. गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं आणि नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. तेव्हा थोरल्यांना सांगा, कागद घेतला तरी देवावर सोडायला भरपूर शिल्लक राहतं.

जे हातात आहे तेही बघा. कल्टार (मोहोर यावा म्हणून मुळाशी घालायचं पॅक्लोब्युट्राझोल) घालत असाल तर १५ जुलै ते १५ ऑगस्ट, झाडाच्या विस्ताराच्या व्यासाला प्रतिमीटर ३ मिली. तीन ते सहा लिटर पाण्यात मिसळून, बुंध्याभोवती विस्ताराच्या निम्म्या अंतरावर २५-३० भोकं, १०-१२ सेंमी खोल, त्यात सारखं ओतायचं. दहा वर्षांखालच्या आणि अशक्त कलमांना नाही. कल्टार घातलं की खत वाढवावं लागतं, नाहीतर झाड दोन-तीन वर्षांत थकतं. एक वर्षाआड धरणं हा हापूसचा स्वभाव आहे. दरवर्षी ओरबाडून पीक घ्यायचं आणि झाड रुसलं की देवाकडे बोट दाखवायचं, हे मला तरी पटत नाही.

वाशीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेताना मोहोर बघून आकडा ठरवू नका, मागच्या पडलेल्या वर्षाच्या पेट्या धरा. श्रद्धा सगळ्यात जास्त डळमळते ती उचल फिटत नाही तेव्हा.

आणि वाट्याचा मुद्दा तुमच्या बाबतीत कागदावरच येणार आहे. सातबारा सामाईक असेल तर अर्जाला बाकी सहहिस्सेदारांचं संमतिपत्र लागतं. मुंबईला असलेल्या चुलत्यांच्या सह्या गणपतीला सगळे गावी येतात तेव्हाच घेऊन ठेवा, नोव्हेंबरात कोणी सापडत नाही. ई-पीक पाहणीत आंब्याची नोंद आहे का तेही त्याच वेळी बघा. ती नसली तर अर्ज तिथेच अडकतो.